‘मराठी नीट येत नाही’ म्हणजे नेमकं काय दिसतं?

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं मराठी नावांसह छापणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहितोय. अडलो म्हणून दोन-तीन ठिकाणी ऑनलाइन विचारलं. एका ठिकाणी प्रश्नच बंद केला, दुसरीकडे एकाने ‘काय करून पाहिलंत?’ एवढं विचारलं आणि तो गायब झाला. मी तर नम्रपणे लिहिलं होतं: ‘रिस्पेक्टेड सर, पायथनमध्ये मराठी नीट येत नाही, प्लीज हेल्प, खूप अर्जंट आहे.’ या लोकांना प्रश्न विचारायची पद्धत तरी काय असते? माझं इंग्रजीही बेताचंच आहे.

उत्तर:

तुमच्या प्रश्नात नम्रता भरपूर आहे, पण तो वाचून कोणाला काही करता येत नाही. वाचणारा मनाने चांगला असो की खडूस, ‘मराठी नीट येत नाही’ यावर त्याला पुढचं पाऊलच टाकता येत नाही. म्हणून तो ‘काय करून पाहिलंत?’ असं विचारतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्याच्यासमोर असे प्रश्न रांगेने उभे असतात.

तुमचंच उदाहरण घेऊ, कारण ते फार चांगलं आहे. संगणकावर मराठी ‘नीट न येण्याचे’ निदान चार प्रकार नेहमी भेटतात. एकात अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. फॉन्टमध्ये देवनागरीची अक्षरंच नसतात, म्हणून चौकोन येतात. मजकूर शाबूत असतो, प्रोग्रॅमही शाबूत असतो, फक्त फॉन्ट बदलायचा. दुसऱ्यात प्रश्नचिन्हांची माळ दिसते. ही गंभीर गोष्ट आहे. वाटेत कुठेतरी मजकूर अशा एन्कोडिंगमध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) कोंबला गेला, ज्यात देवनागरीला जागाच नव्हती. अक्षरं कायमची गेली, आता जगातला कोणताही फॉन्ट ती परत आणणार नाही, मूळ फाइलकडे जावं लागेल. तिसऱ्यात रोमन ‘ए’ दिसतो, त्याच्या डोक्यावर तिरपी रेघ आणि मध्ये मध्ये भलतीच चिन्हं. म्हणजे यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये साठवलेला मजकूर कोणीतरी विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगने वाचतोय. मजकूर सुरक्षित आहे, वाचणारा चुकतोय. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की हे हमखास होतं, आणि फाइल लिहिताना पायथनला ‘यूटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग सांगितलं की बहुतेक वेळा थांबतं, कारण मग फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण बसते आणि एक्सेलला ती ओळखता येते.

चौथा प्रकार वेगळाच. सगळी अक्षरं दिसतात, देवनागरीच दिसतात, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरांचे पाय उघडे पडतात, रफार डोक्यावर चढतच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ‘मि’ लिहिताना आधी ‘म’ साठवतात आणि मग वेलांटी. दाखवताना तिला डावीकडे नेणं हे मजकुराची मांडणी करणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचं काम. पायथनमध्ये चित्रावर मजकूर काढणारी पिलो ही लायब्ररी (तयार कोडचा संच) ते काम ‘रक्म’ नावाच्या दुसऱ्या लायब्ररीवर सोपवते. रक्म मिळाली नाही तर पिलो तक्रार करत नाही. साधी मांडणी वापरून अक्षरं एकापुढे एक ठेवत जाते. इंग्रजीला त्याने काही फरक पडत नाही, मराठीचा मात्र चुथडा होतो.

चार दुखणी, चार वेगळी औषधं, आणि तुमच्या प्रश्नातून यांपैकी कुठलं ते कळत नाही. तुम्हाला ते पडद्यावर दिसतंय, म्हणून सांगायची गरज वाटली नाही. प्रश्न विचारताना होणाऱ्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ इथेच असतं.

आता तोच प्रश्न असा विचारला असता तर? (इथे मराठीत लिहितोय, विचारताना इंग्रजीत.) शीर्षक: ‘पिलोने देवनागरी मजकूर काढताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर येते, विंडोज ११, पिलो १०.४’. खाली: ‘“शर्मिष्ठा” हा शब्द चित्रावर काढतोय. वेलांटी “म”च्या डावीकडे, रफार वर आणि “ष” व “ठ” जोडलेले हवेत. प्रत्यक्षात नऊ चिन्हं सुटी सुटी ओळीने येतात. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, तोच फॉन्ट वर्डमध्ये बरोबर दिसतो. हाच कोड मित्राच्या उबंटूवर बरोबर चालतो. पिलोच्या फीचर्स मॉड्यूलला रक्म आहे का विचारलं तर माझ्याकडे “फॉल्स” आणि त्याच्याकडे “ट्रू” उत्तर येतं. सात ओळींचा पूर्ण कोड खाली दिला आहे. बरोबर आणि चूक, दोन्ही चित्रं सोबत आहेत.’

यात ‘सर’ नाही, ‘प्लीज’ नाही, तरी हा प्रश्न तुमच्या मूळ प्रश्नापेक्षा कितीतरी सभ्य आहे. वाचणाऱ्याला एकही उलटा प्रश्न विचारावा लागत नाही. पिलो माहीत असलेला कोणीही सांगेल की विंडोजवर रक्म चालायला फ्रिबिडी नावाची डीएलएल फाइल वेगळी आणून, विंडोज जिथे डीएलएल शोधतं अशा फोल्डरमध्ये ठेवावी लागते. शिवाय रक्मबद्दलची ती ओळ लिहिण्याइतका शोध तुम्ही घेतला असता, तर प्रश्न पोस्ट करायची वेळ बहुधा आलीच नसती. नीट लिहायला घेतलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे लिहिता लिहिताच सुटतात. अर्धवट लिहून सोडून दिलेल्या प्रश्नांचा माझ्याकडेही मोठा साठा आहे.

मराठीशी संबंधित प्रश्न विचारताना एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते. उत्तर देणाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही. पोलंडमधल्या किंवा ब्राझीलमधल्या माणसाला तुमची दोन्ही चित्रं सारखीच अगम्य. ‘हे बघा, चुकलंय’ म्हणून त्याला काय कळणार? म्हणून बरोबर चित्र शेजारी ठेवा, चुकलेल्या जागेवर बाण काढा आणि शक्य असेल तर चिन्हांचे युनिकोड क्रमांक द्या. ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक ०९३एफ, हलन्ताचा ०९४डी. क्रमांक दिले की भाषा न येणारा माणूसही तपासू शकतो की मजकूर बरोबर साठवलाय आणि फक्त मांडणी चुकतेय. तमिळ, अरबी, थाई लिपींवर काम करणारे लोक याच दुखण्यातून गेलेले असतात. एवढी माहिती मिळाली की त्यांच्यापैकी कोणीतरी नक्की ओळखतो.

आता कोड छोटा करण्याविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी मेहनत तिथे आहे आणि लोक नेमकी तीच टाळतात. तुमचा प्रोग्रॅम बहुधा असा असेल: एक्सेलमधून नावं वाचायची, प्रत्येकासाठी पार्श्वभूमीचं चित्र उघडायचं, त्यावर नाव, वर्ग, स्पर्धा, दिनांक छापायचा, शेवटी पीडीएफ करायची. दोनशे-तीनशे ओळी सहज होतात. त्या जशाच्या तशा चिकटवल्या तर कोणी वाचणार नाही. वाचावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

कोडची प्रत काढा आणि तोडायला लागा. एक्सेल काढून टाका, नाव सरळ कोडमध्ये लिहा. तरी चुकतंय? मग एक्सेलचा काही दोष नाही. पार्श्वभूमी काढा, कोरं पांढरं चित्र घ्या. तरी चुकतंय? पीडीएफ काढा. लूप काढा. तोडता तोडता एखाद्या टप्प्यावर चूक अचानक नाहीशी झाली, तर गुन्हेगार तुम्ही शेवटी काढलेल्या भागात आहे आणि तुमचा प्रश्न पूर्णपणे बदलला. चूक शेवटपर्यंत टिकली, तर हातात पाच-सात ओळी उरतात, आणि त्या कोणीही आपल्या मशीनवर उतरवून अर्ध्या मिनिटात चालवू शकतो. कोड फार मोठा असेल तर एकेक ओळ न काढता निम्मा निम्मा काढा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘बायसेक्ट’ नावाची सोय याच हिशेबाने चालते. कालपर्यंत चालणारं आज बिघडलं आणि मध्ये हजार बदल झाले असतील, तर दहाच्या आसपास चाचण्यांत नेमका बदल सापडतो.

छोटा केलेला कोड पोस्ट करण्याआधी पुन्हा एकदा चालवून बघा. हे फार लोक करत नाहीत. आठवणीतून टंकलेल्या कोडमध्ये भलतीच चूक शिरते, उत्तरं देणारे ती चूक दाखवत बसतात आणि अर्धा दिवस वाया जातो. आणि खऱ्या विद्यार्थ्यांची नावं, फोन नंबर, पीआरएन त्यात राहू देऊ नका. नमुन्याचं नाव चालतं. पासवर्ड आणि एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) तर अजिबात नको. सार्वजनिक जागी पडलेल्या कीज शोधणारे बॉट चोवीस तास फिरत असतात. चुकून गेलीच तर पोस्ट दुरुस्त करून भागत नाही, जुन्या आवृत्तीत ती दिसत राहते. ती की ताबडतोब रद्द करून नवी घ्या.

पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो टाकू नका. त्यातला कोड उतरवून चालवता येत नाही, एरर शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन प्रोग्रॅमरला स्क्रीन रीडरवर काहीच ऐकू येत नाही. चूक प्रत्यक्ष चित्रातच असेल, जशी तुमच्याकडे आहे, तेव्हा चित्र हवंच. पण कोड तेव्हाही मजकूर म्हणूनच द्यायचा.

एरर जशीच्या तशी द्या, पूर्ण द्या. पायथनचा ट्रेसबॅक (चूक कुठून कुठे आली त्याची यादी) असेल तर सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची असते. जावात उलट, पहिली ओळ पाहून लोक थांबतात आणि खरं कारण खाली ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणाऱ्या ओळीत असतं. स्वतःच्या शब्दांत एरर सांगू नका. पीएचपीमध्ये वर्षानुवर्षं एक एरर येत असे, जिच्यात ‘पामायिम नेकुदोतायिम’ असे दोन हिब्रू शब्द असत. पीएचपीचं इंजिन लिहिणारे दोघं इस्रायली होते, त्यांनी ‘::’ या दोन विसर्गचिन्हांच्या जोडीला ठेवलेलं ते नाव. ज्याने ती एरर अक्षरशः शोधात टाकली त्याला क्षणात उत्तर मिळालं. ज्याने ‘काहीतरी विचित्र सिंटॅक्स एरर येतेय’ असं लिहिलं, त्याला पुन्हा तेच ऐकावं लागलं, ‘नेमकी कुठली?’

काय पाहिलं आणि त्यावरून काय वाटतं, हे वेगळं लिहायला शिका. ‘फॉन्ट करप्ट आहे’ हा अंदाज झाला. ‘वेलांटी नंतर येते’ हे निरीक्षण. अंदाज लिहायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे कळू द्या, नाहीतर वाचणारा तुमच्या अंदाजामागे धावतो. या बाबतीत मला आदर्श वाटणारं एक पत्र आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी सुरक्षेच्या एका सार्वजनिक मेलिंग लिस्टवर ते पाठवलं. डेबियन या लिनक्सच्या ‘सिड’ नावाच्या अस्थिर आवृत्तीवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर) लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्यांनी माग काढला आणि फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवल्याचं उघड केलं. लिनक्सच्या जगाला हादरवणारी बातमी होती ती. पण पत्रात आरडाओरडा नाही. आधी किती वेळ लागत होता, आता किती लागतो, कुठल्या परिस्थितीत हे घडतं, कुठल्या परिस्थितीत घडत नाही. आणि आपण सुरक्षा संशोधक नाही, हेही त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलंय. आपल्याला काय माहीत नाही ते सांगितल्याने पत्राचं वजन वाढलं, कमी झालं नाही.

आणखी एक सापळा. तुम्ही अडला आहात त्या पायरीविषयी विचारता, मुळात काय करायचंय ते सांगत नाही. तुमच्या बाबतीत हे असं होऊ शकतं: वेलांटी नंतर येते हे दिसल्यावर तुम्हाला वाटतं, मजकुरातच तिची जागा बदलून टाकू. मग तुम्ही विचारता, ‘पायथनमध्ये स्ट्रिंगमधली दोन अक्षरं अदलाबदल कशी करायची?’ पाच मिनिटांत पाच उत्तरं येतील, सगळी बरोबर, आणि सगळी तुम्हाला खड्ड्यात घालणारी. वेलांटी कदाचित जागेवर दिसेल, पण जोडाक्षरं आणि रफार तसेच राहतील, वर मजकूर कायमचा बिघडेल. ना शोधता येईल, ना दुसरीकडे वापरता येईल. ‘प्रमाणपत्रावर मराठी नाव नीट छापायचंय’ हे एक वाक्य सुरुवातीला असतं तर कोणीतरी म्हणालं असतं, अहो, ही वाटच सोडा.

प्रश्न बंद झाला त्याचं वाईट वाटून घेऊ नका. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साइट; ते २००८ मध्ये सुरू झालं तेच मुळी गप्पांसाठी नव्हे, तर पुढे येणाऱ्या हजारो वाचकांना कामाला येतील अशा प्रश्नोत्तरांच्या साठ्यासाठी. म्हणून तिथे नमस्कार-चमत्कार, आभार, ‘सर’ हे सगळं कोणीतरी संपादनात काढून टाकतं. आपल्याला तो अपमान वाटतो, त्यांच्या लेखी ती झाडलोट असते. तीन हजार गुण झालेल्यांना प्रश्न बंद करायचं मत देता येतं. ‘तपशील अपुरे’ म्हणून बंद झालेला प्रश्न दुरुस्त केला की पुन्हा उघडण्यासाठी विचारात घेतला जातो. तोच प्रश्न नव्याने टाकलात तर मात्र चिडतात. ‘आधीच विचारला गेलाय’ म्हणून बंद केला असेल तर दिलेला दुवा खरंच वाचा. तो आपल्याला लागू नसेल तर का नाही, ते प्रश्नात लिहा.

प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी आणि ती आधी बघायची असते. पोस्टग्रेसच्या मेलिंग लिस्टवर ‘क्वेरी स्लो आहे’ म्हणालात तर ते क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेन ॲनलाइझचा पूर्ण निकाल, टेबलांची रचना आणि नेमकी आवृत्ती मागतील. त्यांच्या विकीवर त्याचं वेगळं पानच आहे. लिनक्स कर्नलच्या लिस्टवर एचटीएमएल असलेला मेल पोचतच नाही, साधा मजकूर लागतो, आणि उत्तर मूळ मेलच्या वर न लिहिता त्या त्या ओळीखाली लिहायचं असतं. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या तिकीट यंत्रणेत ‘हे कसं करू?’ असं विचारलं तर तिकीट बंद होतं, कारण ती जागा जँगोमधल्या दोषांसाठी आहे, मदतीसाठी त्यांची फोरम वेगळी आहे. गिटहबवर बहुतेक प्रकल्पांत हीच विभागणी असते. आणि एकच प्रश्न चार ठिकाणी टाकायचाच असेल तर चारही ठिकाणी बाकीच्यांचे दुवे द्या. एका ठिकाणी सुटलेल्या प्रश्नावर दुसरीकडे कोणी तासभर घालवला आणि ते त्याला नंतर कळलं, तर तो तुम्हाला पुन्हा मदत करणार नाही.

आता ‘सर’ आणि ‘अर्जंट’. आपल्याकडे वर्गात, ऑफिसात वरच्याला आदराने हाक मारली की काम होतं, निदान तशी सवय असते. इथे समोरचा अठरा वर्षांचा मुलगा असू शकतो, बाई असू शकतात, आणि नमनाला घडाभर तेल गेलं की त्यांना मुद्दा शोधावा लागतो. ‘अर्जंट’ हा शब्द तर उलटाच परिणाम करतो. सबमिशन तुमचं आहे, त्यांचं नाही. चॅटवर नुसतं ‘हॅलो’ टाकून किंवा ‘इथे पिलो कोणाला येतं का?’ विचारून वाट बघत बसू नका. ‘मला येतं’ म्हणणं म्हणजे न पाहिलेला प्रश्न सोडवायची हमी देणं, ती कोणी देत नाही. पूर्ण प्रश्न एकाच संदेशात टाका. अनोळखी माणसाला टॅग करणं, लिंक्डइनवर वैयक्तिक संदेश पाठवणं, हे तर नकोच. वैयक्तिक उत्तराचा फायदा एकट्यालाच होतो, हे एक कारण. दुसरं, अशा संदेशांना अंतच नसतो. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या ‘कर्ल’ या प्रोग्रॅमचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना तर मोटारींच्या मालकांचे मेल येतात. गाडीतल्या पडद्यावरच्या कर्लच्या परवान्याच्या मजकुरात त्यांचा पत्ता असतो ना!

वेळेचं गणित मात्र लक्षात ठेवा. पश्चिम अमेरिकेतला माणूस उन्हाळ्यात सकाळी ९ ला कामाला बसतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ९:३० वाजलेले असतात. प्रश्न टाकून झोपून गेलात आणि त्याने विचारलेल्या एका साध्या गोष्टीला सकाळी उत्तर दिलंत, तर तोवर त्याचा दिवस संपत आलेला असतो. प्रश्न टाकल्यावर तासभर तरी हाताशी राहा.

उत्तराला उशीर झाला म्हणून टोमणे मारू नका, हे सभ्यतेपलीकडच्या एका कारणाने सांगतो. वर ज्या एक्सझेडचा उल्लेख केला, त्याचा सांभाळ एकटा माणूस बिनपगारी, छंद म्हणून करत होता. २०२२ मध्ये त्याच्या मेलिंग लिस्टवर काही खात्यांनी ‘काम इतकं मंद का’, ‘दुसऱ्याला का देत नाही’ असा धोशा लावला. आपली मानसिक प्रकृती ठीक नाही, हेही त्याने लिहिलं होतं. पुढे मदतीला आलेल्याच्या हाती अधिकार गेले आणि मागचं दार बसलं ते त्याच्याच हातून. ती तक्रारखोर खाती त्याच कटाचा भाग होती, असा दाट संशय आहे. त्या मेलमधली भाषा मात्र विशेष वाईट नव्हती. रोज दिसणारीच होती, आणि म्हणूनच ती खपून गेली.

एआयबद्दल विचारलं नाहीत, पण ते आता टाळता येत नाही. आधी एआयला विचारा, जरूर विचारा. चुथडा झालेल्या वेलांटीचं कारण ते बहुधा बरोबर सांगेल. पण त्याने लिहिलेला कोड स्वतः न वाचता माणसांपुढे टाकून ‘हा चालत नाही’ म्हणू नका. त्यात कधीकधी अस्तित्वातच नसलेली फंक्शन्स असतात, आणि ती शोधण्यात दुसऱ्याची संध्याकाळ जाते. कोड एआयचा असेल तर तसं लिहा. उत्तर देताना तर जास्तच जपा. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच एआयने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली. स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे सांगतायत की एआयकडून लिहून घेतलेल्या खोट्या सुरक्षा तक्रारी तपासण्यात त्यांच्या टीमचा वेळ जातो. त्या तक्रारींची भाषा अगदी गोड आणि रेखीव असते. आतला दोष मात्र कधी घडलेलाच नसतो.

इंग्रजीचं म्हणाल तर ती सगळ्यात छोटी अडचण आहे. ‘मी हे केलं. हे मिळायला हवं होतं. हे मिळालं.’ एवढी तीन वाक्यं, लहान आणि भूतकाळात लिहा. भाषांतराचं साधन वापरलंत तरी चालेल, फक्त एरर आणि कोड त्यातून जाऊ देऊ नका. बिघडलेल्या इंग्रजीतला पण चालवून बघता येणारा प्रश्न मी कधी दुर्लक्षित राहिलेला पाहिला नाही. सुंदर इंग्रजीतले पोकळ प्रश्न मात्र रोज पडून राहतात.

उत्तर मिळालं की करून बघा आणि काय झालं ते तिथेच लिहा. सुटलं असेल तर कशाने सुटलं, नेमकी कुठली फाइल कुठे ठेवली, तेही. ‘झालं, थँक्स’ एवढंच लिहून गेलेल्या माणसाला दोन वर्षांनी तीच एरर आलेला प्रत्येक जण शिव्या घालतो. स्वतःच शोधून काढलंत तर स्वतःच उत्तर लिहा, ती पद्धत सर्वत्र मान्य आहे. उपाय चालला नाही तर ‘नाही चालला’ म्हणू नका, काय केलं आणि आता काय दिसतं ते सांगा.

आणि कोणी तुसडेपणाने बोललाच, तर त्याच्या वाक्यातली माहिती तेवढी घ्या आणि प्रश्न दुरुस्त करा, वाद घालू नका. काही माणसं खरोखरच उद्धट असतात, प्रश्न कितीही चांगला असला तरी. त्यांना उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. प्रश्न दुरुस्त करून दोन-तीन दिवस काहीच आलं नाही, तर नवी माहिती जोडून तो वर आणा. नुसतं ‘कोणी आहे का?’ लिहून नको. दरम्यान तुम्ही आणखी काय तपासलंत ते लिहा. मित्राच्या उबंटूवर साधी मांडणी मुद्दाम निवडल्यावर तिथेही वेलांटी तशीच चुकते का, हे बघितलंत तरी पुरेसं आहे. लेआउट इंजिनसाठी ‘बेसिक’ असा पर्याय पिलोमध्ये देता येतो.